पॉइंट टू-टू रायफल अडकतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लबातल्या शस्त्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्यामुळे शनिवार-रविवारी "सर, रायफल जाम झाली" हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा तरी कानावर येतं. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात, म्हणून एकदा लिहूनच काढले. उत्तरं मुख्यतः मॅगझीन लागणाऱ्या .२२ लाँग रायफल बोअरच्या बोल्ट रायफलींबद्दल आहेत, म्हणजे ज्यांचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा आणि पुंगळी बाहेर ओढणारा दांडा) दर गोळीला हाताने मागे-पुढे करावा लागतो. एकेक काडतूस हाताने भरायच्या मॅच रायफली आणि परदेशातल्या स्वयंभरण रायफली यांचा विषय पुढे वेगळा घेतला आहे.

रायफल अडकली की सगळ्यात आधी काय करायचं?

बोट चापावरून बाहेर. नळीचं तोंड टार्गेटकडेच. मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला सांगा. मागे वळून "बघा ना सर" म्हणत रायफल माझ्याकडे फिरवणाऱ्याला मी त्या दिवशी पुन्हा फायरिंग पॉइंटवर बसू देत नाही.

चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर ३० सेकंद तसेच थांबा. कधी कधी दारू उशिरा पेट घेते. मग मॅगझीन काढा, बोल्ट सावकाश उघडा आणि पाहा. इथेच बहुतेकांची चूक होते. रायफल झटकतात, काडतूस खाली पडतं, "निघालं!" म्हणून खूश होतात आणि दोन राउंडनंतर पुन्हा तेच. ते काडतूस कुठे, कसं, कोणत्या कोनात अडकलं होतं हीच तर खरी माहिती असते. ती झटकून टाकली की मग माझ्याकडे अंदाज बांधण्यापलीकडे काही उरत नाही.

पण 'जाम' म्हणजे जामच ना?

नाही. चार वेगवेगळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो. काडतूस मॅगझीनमधून वर आलंच नाही. वर आलं, पण चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी अडलं. फायर झालं, पण रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली. किंवा पुंगळी चेंबरमधून निघाली, पण बाहेर न पडता मधेच लोंबकळली. पहिल्या दोन्हींत बहुधा मॅगझीन किंवा काडतूस दोषी असतं, तिसऱ्यात चेंबर किंवा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी धरून चेंबरमधून ओढणारं नख), चौथ्यात इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारं पातं) किंवा तुमचा हात. मला फक्त यातलं कुठलं ते सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

बाकीच्या रायफलींपेक्षा टू-टूच जास्त का अडकते?

काडतुसाची घडणच तशी आहे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. टू-टूच्या 'रिमफायर' काडतुसाला ती नसते. पितळेच्या पातळ पत्र्याच्या बुडाला ताटाच्या काठासारखी दुमडलेली, आतून पोकळ कड असते आणि पेट घेणारं मिश्रण त्या कडेत बसवलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर ठोका मारते. ठोक्याने चेपायचा म्हणजे पत्रा पातळच ठेवावा लागतो. ती कड पुंगळीच्या अंगाबाहेर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर येते. काडतूस चेंबरमध्ये आत जाऊ न देता थोपवून धरणं, पिनचा ठोका सोसणं आणि नंतर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाला पकड देणं, ही तिन्ही कामं त्या एवढ्याशा कडेची.

त्यात भर म्हणजे गोळी उघड्या मऊ शिशाची. तिची जाडी पुंगळीच्या बाहेरच्या अंगाएवढीच असल्यामुळे वंगण आत लपवता येत नाही, ते मेण बाहेरूनच लावलेलं असतं. म्हणजे चिकट, मऊ आणि सहज वाकणारी वस्तू आपण स्प्रिंगच्या जोरावर एका धातूच्या भोकात ढकलतो. १८८७ साली अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीने हे काडतूस आणलं, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. स्वस्त आहे, नेमकं आहे, धक्का देत नाही, म्हणून त्याचे हे लाड आपण पुरवतो.

काडतूस चेंबरच्या तोंडाशी अडतं, गोळीचं नाक चेपतं. रायफल बिघडली का?

आधी मॅगझीन बघा. रायफलीला हात लावण्याआधी मॅगझीन, आणि मॅगझीनच्याही आधी ते भरलंय कसं ते बघा. डबीसारख्या मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली, तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडकतं आणि दोघंही रुसून बसतात. अंगठ्याने नुसतं दाबू नका. प्रत्येक काडतूस पुढून मागे सरकवत बसवा आणि भरून झालं की मॅगझीनची पाठ तळहातावर हलकेच ठोका, म्हणजे सगळी काडतुसं मागे नीट टेकतात.

आता एक प्रसंग. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडची एक मुलगी दर रविवारी रडकुंडीला यायची. तिची रायफल दर दहा-बारा राउंडांनी अडायची. कोणी काडतुसांना नावं ठेवली, कोणी बोल्टला, एका ज्येष्ठ सदस्यांनी तर हवेतल्या दमटपणाला. मी तिच्याकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि तिन्ही मॅगझीनवर एक, दोन, तीन असे ठिपके दिले. तिला म्हटलं, अडलं की फक्त ठिपके मोजून वहीत लिही. दुसऱ्या रविवारी वहीत सातही वेळा दोनच ठिपके होते. ते मॅगझीन शहाबादी फरशीवर पडून त्याचा एक ओठ (काडतूस धरून ठेवणारी वरची पत्र्याची कड) किंचित आत वळला होता. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं. चांगलं मॅगझीन शेजारी धरून उजेडात पाहिलं तेव्हा कळलं. पक्कड घेऊन ओठ सरळ करायचा मोह आम्हाला झाला, पण आवरला. तो पत्रा एकदा वाकवला की परत पहिल्यासारखा बसत नाही. मॅगझीन बदललं, प्रश्न संपला.

नेलपॉलिशचा इलाज तुम्हीही करा. कितव्या राउंडला अडतं तेही लिहा. भरलेल्या मॅगझीनचा पहिलाच राउंड अडत असेल तर ते ठासून भरलंय किंवा आत घाण आहे. शेवटचा अडत असेल तर स्प्रिंग दमलेली आहे किंवा आतली वर ढकलणारी पट्टी तिरकी होतेय.

सगळ्याच मॅगझीनना तोच त्रास होत असेल तर अडलेल्या गोळीच्या नाकाकडे बघा. खालच्या बाजूला खोक पडली असेल तर काडतूस खाली धडकतंय, म्हणजे मॅगझीन खाली लोंबतंय. वरच्या बाजूला खूण असेल तर नाक गरजेपेक्षा जास्त वर उचललं जातंय, ओठ फाकलेत का बघा. आणि एका बाजूने शिशाची साल निघाली असेल तर चेंबरच्या तोंडाला कुठे तरी बोचरी धार आली आहे.

मॅगझीन लोंबण्याचं एक कारण कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे दस्त्याचे स्क्रू. काही बोल्ट रायफलींत मॅगझीन ज्या चौकटीत बसतं तीच स्क्रूंवर धरलेली असते. स्क्रू सैल झाला की मॅगझीन अर्धा मिलिमीटर खाली येतं. या काडतुसाला तेवढं पुरतं.

दोष माझ्या हाताचा असू शकतो का?

हो, आणि नवशिक्यांत बहुतेकदा तोच असतो. रायफल महाग, आपण नवे, म्हणून बोल्ट हळुवार, अदबीने ओढला जातो आणि शेवटचा सेंटिमीटर राहून जातो. पुंगळीला बाहेर फेकणारा इजेक्टर नेमका त्या शेवटच्या टप्प्यात काम करतो, आणि पुढचं काडतूस उचलायलाही बोल्ट त्याच्या कडेमागे जायला हवा. म्हणजे एका हलक्या हातामुळे दोन बिघाड. बोल्ट मागे थांबेपर्यंत ओढा, थांबला की त्याच दमात पुढे ढकला. धसमुसळेपणा नको, पण भीडही नको.

खात्री करायची असेल तर ज्याचा हात बसलाय अशा कुणाला तीच रायफल, तेच मॅगझीन, तीच काडतुसं द्या. त्याच्या हातात दहाच्या दहा नीट चालली की समजून घ्या. वाईट वाटून घेऊ नका, एनसीसीच्या पहिल्या कॅम्पात माझंही असंच झालं होतं.

फायर झाल्यावर पुंगळी चेंबरमध्येच राहते. बोल्ट रिकामा मागे येतो.

पुंगळी घट्ट बसलीय की सैल, हे आधी ठरवा. काडतूस फायर झालंय याची पूर्ण खात्री असेल, तर बोल्ट काढून घेऊन नळीच्या तोंडाकडून सफाईचा गज अलगद आत सोडा. पुंगळी टकदिशी पडली तर चेंबर ठीक आहे, पकड सुटतेय. जोर लावावा लागला तर चेंबर घाण आहे किंवा त्याला ओरखडा, धार आहे. जिवंत काडतूस अडकलं असेल तर समोरून गज कधीच घालायचा नाही. ते रेंज ऑफिसरच्या ताब्यात द्या.

पकड सुटत असेल तर पुंगळीची कड बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा केला की भिंगाची गरज नाही. कडेवर एका जागी चंद्रकोरीसारखा पत्रा ओरबाडलेला दिसला, तर एक्स्ट्रॅक्टरचं नख तिथे बसून घसरलं आहे. नख झिजलंय, त्याचा टवका उडालाय किंवा (बहुतेक वेळा हेच) नखाच्या मागे मेण आणि काजळीचा गोळा बसलाय, त्यामुळे ते पुरतं मिटत नाही. लाकडी टूथपिकने तो गोळा काढा. दोन राउंडांची घाण असेल असं वाटतं, निघते मात्र अख्ख्या हंगामाची.

मग साधी परीक्षा. बोल्ट रायफलीतून काढलेला, जवळपास एकही जिवंत काडतूस नाही. रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडाशी नखाखाली सरकवा आणि बोल्ट हलकेच हलवा. पुंगळी धरून राहिली पाहिजे. गळून पडली तर नख किंवा त्याची स्प्रिंग बदलायची वेळ आली.

पुंगळी निघते, पण बाहेर उडत नाही. कधी तर बोल्टच्या तोंडात उभी अडकते.

हात हळू असेल तर पुंगळी बाजूलाच टपकते. तो बिघाड नाही, वेगाने ओढलं की ती लांब जाते. हात ठीक असूनही असं होत असेल तर बोल्टमधली इजेक्टरची खाच साफ करा. बोल्ट मागे येताना ती खाच इजेक्टरच्या पात्यावरून जाते. खाचेत काजळी दाटली की पातं पुंगळीपर्यंत पोचतच नाही. पातं वाकलेलं किंवा तुटलेलं असेल तर ते कारागिराचं काम. नखाची पकड ढिली असेल तरी असंच होतं: पुंगळी इजेक्टरपर्यंत पोचण्याआधीच खाली पडते.

आणि दुर्बीण! नवी दुर्बीण बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर तिच्या बाजूच्या फिरकीकडे बघा. तिथे पितळेचा पिवळसर घासा दिसला की चोर सापडला. दुर्बीण फार खाली बसवली की पुंगळी फिरकीवर आपटून परत आत येते. थोड्या उंच माउंटने काम भागतं. हे शोधायला मला एकदा पूर्ण सकाळ लागली होती, बोल्ट दोनदा उघडून झाला होता.

काडतुसं बदलली तर फरक पडेल?

पडतो. प्रत्येक चेंबर थोडं वेगळं, प्रत्येक काडतुसाच्या मेणाची जात आणि जाडी वेगळी. एका रायफलीत लोण्यासारखं चालणारं काडतूस दुसरीत अडतं. पण बदलायचं तर फक्त काडतूस बदला. त्याच दिवशी मॅगझीनही बदललं, सफाईही केली आणि तेलही घातलं, तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

साठवण मात्र आपल्या हवेत खरंच महत्त्वाची आहे. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत पेटी राहिली की गोळीवरचं मेण पाघळतं आणि एकीकडे गोळा होतं. कोकणपट्टीत पावसाळ्यात पितळेवर हिरवट डाग धरतात, तशी काडतुसं चेंबरमध्ये घालू नका. खाली सांडलेलं काडतूस पँटला पुसून भरणारे महाभाग आहेत. मेणाला चिकटलेले वाळूचे कण पँटला पुसून जात नाहीत, ते चेंबरमध्ये जातात.

सफाई किती वेळा? तेल कुठलं?

बोल्टचं तोंड, नख आणि चेंबरचं तोंड प्रत्येक सत्रानंतर चिंधीने आणि कापसाच्या काडीने पुसा, पाच मिनिटांचं काम आहे. नळीची आतून पूर्ण सफाई इतक्यांदा लागत नाही, आणि ती केल्यावर पहिल्या काही गोळ्या इकडे-तिकडे जातात हेही लक्षात ठेवा. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी चकाचक करून आलेले आणि पहिली सिरीज घालवलेले मी पाहिले आहेत. चेंबरच्या पुढच्या टोकाशी काजळीचं कडं जमतं, ते मात्र सॉल्व्हंट आणि ब्रॉन्झच्या ब्रशने काढावं लागतं. ब्रश चेंबरच्या बाजूने घाला.

तेल अगदी थोडं. गन ऑइलचा एक थेंब बोल्ट जिथे घासतो तिथे, बोटाने पसरून. चेंबर आणि मॅगझीनचं आतलं अंग कोरडं. जास्त तेल म्हणजे काजळीला गोंद. एका गृहस्थांनी खोबरेल घातलं होतं. "शुद्ध आहे हो सर." डिसेंबरातल्या सकाळी खोबरेल बाटलीत थिजतं, तसंच ते बोल्टमध्ये थिजलं. फायरिंग पिन कूर्मगतीने पुढे जायची आणि काडतुसावर नुसती टिचकी मारायची.

घरी रिकामी रायफल चालवून सराव केला तर चालेल का?

रायफलीच्या पुस्तिकेत चालतं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच. कित्येक रिमफायर रायफलींत चेंबर रिकामं असताना पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. रोज थोडं थोडं. मग त्या जागी धातू चेपून आत उंचवटा येतो, काडतूस आत जाताना घासतं आणि पुंगळी बाहेर येताना अडते. वर म्हटलेली 'बोचरी धार' बहुतेकदा अशीच आलेली असते. ती घरी कानस मारून काढू नका, त्यासाठी कारागिराकडे खास अवजार असतं. सरावाला नकली काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, वापरा.

माझी मॅच रायफल आहे, मॅगझीनच नाही. तरी काडतूस आत जाताना जड जातं.

५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एकेक काडतूस हाताने भरायच्याच रायफली चालतात. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात) कांस्यपदक घेतल्यापासून आमच्याकडे या प्रकाराची चौकशी वाढली आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. या रायफलींचं चेंबर मुद्दाम घट्ट कापलेलं असतं. बोल्ट बंद करताना गोळीचा पुढचा भाग नळीतल्या आट्यांत (आतल्या पेचदार खाचांत) किंचित रुततो. शेवटी जाणवणारा तो जडपणा दोष नाही. तो एकाएकी वाढला तर मात्र चेंबर साफ करा.

यातून एक धोका निघतो. भरलेलं काडतूस न झाडता बाहेर काढलं, तर पुंगळी निघते आणि रुतलेली गोळी नळीतच राहू शकते. दारू बोल्टमध्ये सांडलेली दिसते. असं झालं की पुढचं काडतूस भरायचं नाही. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. सामन्यात घाईघाईने "अनलोड" करताना हे होतं, आणि नळी फुगते ती याच कारणाने.

मी अमेरिकेत आहे, माझ्याकडे रुगर १०/२२ आहे. हेच सगळं लागू आहे का?

बरंचसं. पण १९६४ पासून बनणारी ही रायफल स्वयंभरण आहे. तिथे बोल्ट तुमचा हात ओढत नाही, फायर झालेली पुंगळीच त्याला मागे ढकलते. त्यामुळे कमी वेगाचं काडतूस घातलं तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकते. आधी एक पेटी जास्त वेगाची काडतुसं चालवून बघा. तरी अडत असेल तर चेंबर आणि नख साफ करा. तिचं मूळचं दहा राउंडांचं गोल फिरणारं मॅगझीन भरवशाचं आहे. पंचवीस-तीस राउंडांचं भलत्याच कंपनीचं स्वस्त मॅगझीन लावून तक्रार करत असाल, तर मूळचं लावून बघा आणि मग बोलू.

टू-टू मॅग्नम किंवा टू-टू शॉर्ट चालेल?

मॅग्नम तुमच्या चेंबरमध्ये बसणारच नाही, बसवायचा प्रयत्नही करू नका. उलट, मॅग्नमच्या रायफलीत लाँग रायफल काडतूस सैल बसतं, पुंगळी फाटते आणि गॅस तोंडावर येतो. शॉर्ट आत जातं, पण त्याची पुंगळी आखूड असल्याने तिच्यापुढे काजळीचं कडं जमतं आणि नंतर तुमची नेहमीची काडतुसं त्यात रुतायला लागतात. नळीवर जे कोरलंय तेच वापरा.

नख, स्प्रिंग मी घरीच बदलू का?

पुसणं, तेल देणं, पुस्तिकेत सांगितलंय तेवढं उघडणं तुमचं. त्यापुढे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून तसा परवाना असलेल्या दुकानदाराकडेच रायफल द्या. ओळखीचा लेथवाला कितीही हुशार असला तरी नको. न्यायच्या आधी क्लबात विचारा, रायफल क्लबाच्या नावावर असेल तर ती तुमच्या स्कूटरवरून कुठेही जाणार नाही.

कारागिराला "अडकते" एवढंच सांगू नका. ठिपक्यांची वही, सगळी मॅगझीन आणि गोळीच्या नाकाचे, पुंगळीच्या कडेचे फोटो दाखवा. पुंगळ्या मात्र आठवण म्हणून खिशात टाकून हिंडू नका. क्लबात त्यांचा मोजून हिशेब असतो, आणि विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात एखादी सापडली तर तुमचं विमान नक्की चुकेल.

अडकून चेपलेलं काडतूस सरळ करून पुन्हा वापरू का?

नाही. कपाटाशेजारी लाल झाकणाचा डबा आहे, त्यात टाका आणि रजिस्टरात एक आकडा लिहा. पिनचा ठोका बसूनही न फुटलेली काडतुसंही तिथेच.